हात आखडता असताना कापडी लंगोट : कमीत कमी किती सामानात सुरुवात करता येते?

गवतफूल

नमस्कार. आमच्याकडे लवकरच बाळ येणार आहे आणि पुढच्या खर्चाची यादी करताना डायपरचा आकडा काही केल्या हिशेबात बसत नाही. म्हणून कापडी लंगोट वापरायचे असे आम्ही दोघांनी ठरवले. परंतु चौकशी केल्यावर असे दिसले की बटणांचे, आत पॅड शिवलेले जे तयार कापडी डायपर मिळतात, त्यांचा पूर्ण संच एकदम घ्यायचा म्हटले तर हाती असलेली सगळी शिल्लक त्यातच जाईल. बचत पुढे वर्षभर होत राहणार असली तरी पैसे मात्र आत्ताच मोजावे लागतात, आणि आमची अडचण नेमकी तीच आहे.

आमच्याकडे वॉशिंग मशीन नाही आणि पाणीही जपून वापरावे लागते. अशा घरात कापडी लंगोटांचा मार्ग खरोखर स्वस्त पडतो का, आणि पडत असेल तर पहिल्या दिवशी घरात किमान काय काय असायला हवे, हे ज्यांनी केले आहे त्यांच्याकडून समजून घ्यायचे आहे. जे जमत नाही तेही मोकळेपणाने सांगावे.

पारिजातक

गवतफूल, आधी संख्या पाहू, कारण त्यावरच बाकीचे सगळे अवलंबून आहे. नवजात बाळाला दिवसाला साधारण दहा ते बारा वेळा बदलावे लागते. काही महिन्यांनी हे प्रमाण सहा ते आठवर येते. दिवसाला सरासरी ७ धरले तरी दोन वर्षांत ५,००० हून अधिक डायपर होतात. फेकून देण्याचे डायपर घेतले तर हे सगळे विकत घ्यावे लागतात. कापडाच्या बाबतीत हाच आकडा दोन डझन तुकडे आलटून पालटून वापरून गाठला जातो. तेव्हा स्वस्त पडते का, याचे माझे उत्तर स्पष्ट ‘होय’ असे आहे, मात्र कोणत्या प्रकारचे कापड घेता यावर ते ठरते.

तुम्ही पाहिलेले सगळे एकत्र शिवलेले डायपर सोयीचे असतात, पण हात आखडता असताना ते सर्वांत चुकीचे ठरतात. एका डायपरमध्ये शोषणारे कापड, पाणी न झिरपणारा थर आणि इलास्टिक एकत्र असल्यामुळे प्रत्येक वेळी हे सगळेच धुवावे लागते, जाड असल्यामुळे ते लवकर वाळत नाही, आणि इलास्टिक ढिले पडले की चांगले कापडही त्याबरोबर निकामी होते. त्याऐवजी साधे चौकोनी सुती कापड, म्हणजे एकेरी थराचा सपाट लंगोट, आणि त्यावरून वेगळे जलरोधक कव्हर घ्यावे. ओले झाले की फक्त कापड बदलायचे. कव्हरला शी लागली नसेल तर ते पुसून, वारा लावून पुन्हा दोन-तीन वेळा वापरता येते. रोज धुणार असाल तर सुरुवातीला चोवीस चौकोनी कापडे आणि तीन ते चार कव्हर पुरतात: बारा वापरात आणि बारा दोरीवर, असा हा हिशेब आहे.

चांदणचुरा

पारिजातक यांच्याशी पूर्ण सहमत, आणि त्यात भर घालते की चोवीसपैकी बरीचशी कापडे विकत घेण्याचीही गरज नसते. वापरून मऊ झालेली सुती चादर, जुने सुती टी-शर्ट, फ्लॅनेलचे तुकडे यांतून उत्तम लंगोट होतात. नव्या सुती कापडात कापसाचे नैसर्गिक मेण असते आणि ते निघून जाईपर्यंत कापड नीट शोषत नाही, म्हणून नवे कापड वापरण्यापूर्वी गरम पाण्यात अनेकदा धुवावे लागते. जुन्या चादरीचे हे काम वर्षानुवर्षांच्या धुण्यात आधीच झालेले असते.

परंतु सुती म्हणून दिसणारे प्रत्येक कापड सुती नसते. त्यावर पाण्याचा थेंब टाकून पाहावा. थेंब लगेच जिरला तर कापड उपयोगी, तसाच मण्यासारखा राहिला तर ते एकतर कोरे आहे किंवा त्यात पॉलिएस्टर आहे. शंका राहिली तर दोन-चार धागे काढून, मोकळ्या जागी, चिमट्यात धरून जाळून पाहावेत. कापूस कागदासारखा जळतो आणि मऊ राख उरते. पॉलिएस्टर वितळून त्याची टणक गोळी होते.

माप साधारण ७० सेंटिमीटरचा चौरस ठेवावा. अगदी लहान बाळाला तो अवजड होतो, म्हणून पहिल्या काही आठवड्यांसाठी निम्म्या आकाराचे तुकडे करून ठेवावेत. पुढे तेच तुकडे रात्री आत घालायच्या जास्तीच्या घडीसाठी कामी येतात. कडा एकदा दुमडून शिवल्या तरी पुरे. टी-शर्टच्या कापडाच्या कडा उसवत नाहीत, त्यामुळे तिथे शिलाईही वाचते.

रानवारा

माझे मत थोडे वेगळे आहे आणि ते या टप्प्यावरच मांडणे मला आवश्यक वाटते. वरचा हिशेब पैशांचा आहे आणि तो बरोबर आहे. परंतु वॉशिंग मशीन नसलेल्या घरात रोज दहा-बारा लंगोट, त्यांत निम्मे शीचे, हाताने धुणे म्हणजे रोज किमान तासाभराचे काम आहे, आणि ते काम बहुतेक घरांत बाळंतीण किंवा तिची आई यांच्याच वाट्याला येते. टाके ओले असताना, रात्रीची झोप मोडलेली असताना ओल्या कपड्यांची बादली उचलणे हा बचतीचा भाग म्हणून कुणी मोजत नाही. कापडी लंगोट स्वस्त आहेत असे म्हणताना, ते एका व्यक्तीच्या न मोजलेल्या श्रमांवर स्वस्त आहेत का, हे प्रत्येक घराने स्वतःला विचारावे.

माझा कापडाला विरोध नाही. माझे म्हणणे इतकेच आहे की बाळ येण्यापूर्वी ‘किती कापडे’ या प्रश्नाबरोबर ‘कोण धुणार’ या प्रश्नाचेही उत्तर ठरलेले असावे, आणि पहिला दीड महिना ते उत्तर ‘बाळाची आई’ हे असू नये.

कवडसा

रानवारा यांचा मुद्दा या चर्चेतला मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो. मी वडील आहे आणि आमच्या घरी लंगोट धुणे हे पहिल्या दिवसापासून माझे काम होते. कापड आणायच्या आधीच आम्ही ते तसे ठरवले होते. ज्याच्याकडे हे काम येते त्याने त्याची वेळ ठरवून घ्यावी, हे माझे आग्रहाचे सांगणे आहे. मी सकाळी कामावर जाण्यापूर्वी धूत असे, त्यामुळे कापडाला दिवसभराचे ऊन मिळत असे. संध्याकाळी वाळलेले कापड घड्या घालून बाळाच्या जागेजवळ ठेवणे हाही त्याच कामाचा भाग आहे, कारण रात्री दोन वाजता घडी न घातलेल्या ढिगातून लंगोट शोधावा लागला तर धुण्याचे श्रम वाचूनही आईचा त्रास तसाच राहतो.

श्रम कमी करायचे असतील तर घासण्यापेक्षा ढवळण्यावर भर द्यावा. खोल बादली आणि लांब दांड्याचा, खाली घंटेसारखा आकार असलेला हाताने दाबायचा दट्ट्या मिळतो. त्याने वर-खाली दाबत राहिले की पाणी कापडातून आरपार जाते आणि कंबरेतून वाकावे लागत नाही. सपाट लंगोट एकेरी असल्याने पिळायलाही हलके असतात. जाड, आत अनेक थर शिवलेले डायपर हाताने पिळणे मात्र खरोखर कष्टाचे आहे. वॉशिंग मशीन नसेल तर सपाट कापडाची बाजू घेण्याचे हे आणखी एक कारण.

सांजपक्षी

कवडसा, तुमच्या प्रतिसादाला मनापासून अनुमोदन. हा धागा मी माझ्या नवऱ्यालाही वाचायला देणार आहे.

निर्मळ

धुण्याबद्दल सविस्तर लिहितो, कारण कापडी लंगोट सोडून देणारी बहुतेक घरे वास आणि पुरळ या दोन कारणांनी सोडून देतात आणि दोन्हींचे मूळ बऱ्याचदा धुण्यात असते.

ताज्या शूला फारसा वास नसतो. तिच्यातील युरियाचे जिवाणू विघटन करतात आणि त्यातून अमोनिया तयार होतो. डोळ्यांना झोंबणारा वास तो हाच. म्हणून ओला लंगोट जितका वेळ पडून राहील तितका तो धुणे अवघड होते. बदलल्याबरोबर साध्या पाण्यातून काढून पिळून ठेवला तर अर्धे काम तिथेच होते. वापरलेले लंगोट पाण्यात दिवसभर बुडवून ठेवू नयेत. हवा लागेल अशा टोपलीत किंवा सैल झाकणाच्या डब्यात ठेवावेत.

शी आधी थंड पाण्याने काढावी. गरम पाण्याने तिच्यातील प्रथिने धाग्यावर घट्ट बसतात आणि डाग राहतो. फक्त आईच्या दुधावर असलेल्या बाळाची शी पाण्यात सहज विरघळते. वरचे अन्न सुरू झाल्यावर मात्र ती आधी शौचालयात टाकून मगच लंगोट धुवायला घ्यावा. त्यानंतर डिटर्जंटच्या पाण्यात अर्धा तास भिजवून ढवळणे, पिळणे, मग गरम पाण्यात पुन्हा डिटर्जंटने धुणे आणि शेवटी पाणी स्वच्छ दिसेपर्यंत विसळणे, असा क्रम ठेवावा. साध्या सुती चौकोनांना उकळते पाणीही चालते. कव्हर मात्र वेगळे, कोमट पाण्यात धुवावे आणि सावलीत वाळवावे, कारण अति उष्णतेने त्याचा जलरोधक थर सुटतो आणि इलास्टिक लवकर मरते.

कपडे मऊ करणारे कंडिशनर अजिबात वापरू नये. त्याचा धाग्यावर लेप बसतो आणि कापड शोषेनासे होते. कडक होणारे कापड वाळल्यावर हातात चुरगाळून झटकले की मऊ पडते.

पाणी वाचवण्याबद्दल गवतफूल यांनी विचारले आहे. शेवटच्या विसळणीचे पाणी जवळपास स्वच्छ असते. ते झाकून ठेवून त्याच दिवशी पुढच्या ओल्या लंगोटांच्या पहिल्या धुण्याला वापरावे. एकदम खूप पाण्यात एकदा विसळण्यापेक्षा थोड्या थोड्या पाण्यात तीनदा विसळून प्रत्येक वेळी चांगले पिळले, तर कमी पाण्यात जास्त साबण निघतो.

गवतफूल

इतक्या आपुलकीने लिहिल्याबद्दल सर्वांचे आभार. रानवारा यांचा प्रश्न आम्ही कालच घरात चर्चेला घेतला आणि धुण्याचे काम माझा नवरा आणि माझा दीर आलटून पालटून करतील असे ठरले आहे.

निर्मळ, आमच्याकडचे पाणी जड आहे, साबणाला फेस येत नाही. अशा पाण्यात कापड स्वच्छ होईल का? आणि पुरळाबद्दल मला मनातून भीती आहे. फेकून देण्याचे डायपर बाळाला कोरडे ठेवतात आणि कापडाने त्वचा खराब होते असे अनेकांनी सांगितले आहे.

निर्मळ

जड पाण्यातील कॅल्शियम आणि मॅग्नेशियम साबणाशी संयोग पावून न विरघळणारी साय तयार करतात आणि ती कापडात अडकते. म्हणून जड पाण्यात वडीचा साबण टाळावा आणि डिटर्जंट वापरावा. सोबत थोडा धुण्याचा सोडा घातला तर कॅल्शियम वेगळे पडते आणि डिटर्जंट कमी लागतो. मात्र सोडा पूर्ण निघेपर्यंत विसळावे, तो त्वचेला झोंबतो.

धुतलेला, वाळलेला लंगोट बाळाने ओला करताच उग्र वास येऊ लागला, तर एकतर डिटर्जंट कमी पडून घाण आत राहिली आहे किंवा विसळणे कमी पडून साबण आत राहिला आहे. स्वच्छ लंगोट नुसत्या गरम पाण्यात घालून ढवळून पाहा. फेस आला तर साबण उरला आहे. फेस नाही आणि पाणी गढूळ झाले, तर धुणे कमी पडते आहे. दोन्हींचे उपाय उलट असल्याने आधी हे तपासूनच बदल करावा.

शुश्रूषा

मी परिचारिका आहे आणि नवजात बाळांच्या विभागात काम केले आहे, त्यामुळे पुरळाबद्दल लिहिते. ओलावा, घर्षण आणि शीतील पाचक द्रव्ये या तिन्हींमुळे त्वचा लाल होते. शू आणि शी एकत्र बराच वेळ त्वचेला लागून राहिली की अमोनियामुळे ती पाचक द्रव्ये अधिक तीव्रतेने काम करतात. फेकून देण्याच्या डायपरमधील शोषक पदार्थ ओलावा धरून ठेवतो, त्यामुळे त्यात त्वचा अधिक काळ कोरडी राहते, हे खरे आहे. परंतु तोच कोरडेपणा पाहून डायपर तासन् तास तसाच ठेवला जातो आणि त्यात शी झाली असेल तर फायदा उरत नाही. कापडात दिवसा दर दोन ते तीन तासांनी आणि शी झाल्याबरोबर बदलणे, प्रत्येक वेळी साध्या पाण्याने स्वच्छ करून टिपून कोरडे करणे, आणि दिवसातून काही वेळ बाळाला लंगोटाशिवाय मोकळे ठेवणे एवढे पाळले तर कापडातही त्वचा उत्तम राहते.

जांघेच्या घडीत गडद लाल चट्टा आणि त्याच्या कडेला बारीक सुटे लाल ठिपके दिसले तर तो बहुधा बुरशीचा संसर्ग असतो आणि त्याला वेगळे औषध लागते. दोन-तीन दिवसांत न ओसरणारे पुरळ, फोड, पू किंवा ताप असेल तर डॉक्टरांना दाखवावे.

कापडाचा एक लाभ सहसा कुणी सांगत नाही, तो असा की बाळाने किती वेळा शू केली हे नेमके कळते. पाचव्या-सहाव्या दिवसानंतर आईच्या दुधावर असलेल्या बाळाने चोवीस तासांत किमान सहा वेळा लंगोट ओला करणे अपेक्षित असते. त्याहून कमी झाले तर दूध पुरेसे मिळते आहे का हे तपासावे लागते. पहिल्या दोन-तीन दिवसांची शी काळी आणि चिकट असते आणि तिचे डाग सहज जात नाहीत. त्या दिवसांसाठी टाकून देता येतील असे जुने मऊ सुती तुकडे वेगळे काढून ठेवावेत.

आणखी दोन गोष्टी सुरक्षिततेच्या. लंगोट बांधताना बाळाचे पाय गुडघ्यात आणि खुब्यात वाकलेले, बाजूला मोकळे पसरतील इतकी जागा राहू द्यावी, पाय सरळ ओढून घट्ट बांधू नयेत. आणि भिजवलेल्या कपड्यांची बादली नेहमी घट्ट झाकणाची, दाराआड असावी. रांगणारे बाळ काही सेंटिमीटर पाण्यातही बुडू शकते.

वेळूवन

शुश्रूषाताई, पुरळावर मलम लावले की कापड खराब होते असे वाचले आहे. मग मलम लावायचेच नाही का?

शुश्रूषा

गरज असेल तेव्हा जरूर लावावे. बाळाची त्वचा कापडापेक्षा महत्त्वाची आहे. झिंक ऑक्साइड किंवा पेट्रोलियम जेलीचा लेप धाग्यावर बसून शोषण कमी होते हे खरे, म्हणून मधे जुन्या कापडाची एक वेगळी पट्टी ठेवावी आणि ती पट्टी बाकीच्यांबरोबर धुऊ नये.

शोधयात्री

कव्हरची चर्चा निघाली म्हणून ते आणि लंगोट बांधायची पिन यांची थोडी माहिती देतो. आज आपण वापरतो तशा सेफ्टी पिनचे पेटंट वॉल्टर हंट यांनी १८४९ मध्ये घेतले. पिन आली तरी पुढे जवळपास शतकभर लंगोटावरून घालायचे रबराचे कव्हर त्वचेला हवाच लागू देत नसे. १९४६ च्या सुमारास मॅरियन डोनोव्हन यांनी न्हाणीघराच्या पडद्याचे कापड कापून घरीच कव्हर शिवले, त्यात पिनेऐवजी चापाची बटणे लावली आणि १९५१ मध्ये त्याचे पेटंट मिळवले. कापड वेगळे आणि कव्हर वेगळे ही आज इथे सुचवली जाणारी रचना मुळात घरातल्या साहित्यातूनच सुधारत गेली आहे, हे मला फार मोलाचे वाटते.

चांदणचुरा

शोधयात्री, छान माहिती. पिनेविषयी एक गोष्ट: पिन लावताना आपली बोटे बाळाची त्वचा आणि कापड यांच्या मधे ठेवावीत म्हणजे टोचली तर आपल्याला टोचते. पिनेचे टोक साबणाच्या वडीत खुपसून काढले की ते कापडातून सहज जाते. परंतु कव्हर चांगले बसत असेल तर पिनेची गरजच नसते. कापडाची लांबट घडी करून ती कव्हरमध्ये ठेवली की झाले. पुढच्या बाजूला मुलासाठी आणि मध्यभागी मुलीसाठी घडीचा जास्तीचा थर येईल असे पाहावे. दुधावरच्या बाळाची पातळ शी या साध्या घडीतून बाजूला येऊ शकते, म्हणून सुरुवातीचे महिने त्रिकोणी घडीने कमरेला गुंडाळून बांधणे अधिक भरवशाचे.

वेळूवन

रात्रीचे काय करायचे? दिवसभर कापड वापरणारी माझी बहीण रात्री हमखास फेकून देण्याचा डायपर घालते आणि दिवसाला एकच वापरल्यामुळे तिचा खर्चही फार कमी झाला आहे. मला हा मार्ग व्यवहार्य वाटतो.

पारिजातक

व्यवहार्य आहेच आणि त्यात कुणी कमीपणा मानू नये. दिवसाला सातऐवजी एक वापरला तर सातपैकी सहा भाग खर्च वाचतो. प्रवासात, आजारपणात, किंवा पाळणाघरात कापड चालत नसेल तेव्हाही हेच करावे.

ज्यांना रात्रीही कापडच हवे आहे त्यांनी सुती चौकोनाच्या आत हेम्प (भांगेच्या जातीच्या झाडाचा धागा) किंवा बांबूच्या कापडाची एक पट्टी घालावी. ही कापडे सावकाश शोषतात पण जास्त धरून ठेवतात, म्हणून ती सुती थराच्या खाली, त्वचेपासून दूर असावीत. मायक्रोफायबरचे, म्हणजे अतिबारीक कृत्रिम धाग्यांचे, पॅड स्वस्त मिळतात, परंतु दाब पडला की शोषलेले पाणी सोडतात आणि त्वचेला थेट लागले तर ती कोरडी पाडतात, म्हणून रात्रीसाठी मी त्यांची शिफारस करणार नाही. कव्हरच्या बाहेर कापडाची कड येत नाही ना, हे मांडीभोवती बोट फिरवून पाहावे. गळतीचे कारण बहुतेक वेळा ती बाहेर आलेली कडच असते.

लोकरमाया

रात्रीच्या कव्हरसाठी लोकर हा फार जुना आणि उत्तम पर्याय आहे. लोकर आपल्या वजनाच्या सुमारे ३० टक्के ओलावा शोषूनही हाताला ओली लागत नाही आणि हवा खेळती ठेवते. जुन्या, शंभर टक्के लोकरीच्या स्वेटरच्या बाह्यांतून किंवा पाठीच्या भागातून असे कव्हर शिवता येते. आधी गरम पाण्यात घालून तो स्वेटर मुद्दाम आटवून घट्ट करावा. मग लॅनोलिन, म्हणजे लोकरीतलेच नैसर्गिक मेण, थोड्या साबणाबरोबर गरम पाण्यात मिसळून, ते पाणी कोमट झाल्यावर त्यात कव्हर भिजवले की ते पाणी अडवते. एरवी रोज धुण्याची गरज नसते, वाऱ्यावर टाकले की पुरते. वास येऊ लागला किंवा शी लागली की कोमट पाण्यात हलक्या हाताने धुवावे.

रानवारा

पर्यावरणाचा मुद्दा अजून कुणी काढलेला नाही, आणि पैशांच्या चर्चेत तो मला उपयोगी वाटतो. ब्रिटनच्या पर्यावरण विभागाच्या संस्थेने २००८ मध्ये केलेल्या अभ्यासात अडीच वर्षांसाठी फेकून देण्याच्या डायपरचा कार्बन भार, म्हणजे त्यांच्यामुळे हवेत जाणारे तापमानवाढीचे वायू, सुमारे ५५० किलो आणि कापडी डायपरचा सरासरी ५७० किलो असा जवळपास सारखाच निघाला होता. कापड म्हणजे आपोआप हिरवे असे समजणाऱ्यांना हा आकडा दाखवावा लागतो. परंतु त्याच अभ्यासात असेही होते की यंत्रात गरम हवेने न वाळवता दोरीवर वाळवले, यंत्र पूर्ण भरून धुतले आणि तेच डायपर दुसऱ्या बाळासाठी वापरले तर कापडी डायपरचा भार सुमारे २०० किलोने कमी होतो. खर्च वाचवणाऱ्या सवयीही नेमक्या याच आहेत. हाताने धुणाऱ्या, दोरीवर वाळवणाऱ्या घराला दोन्ही बाजूंनी लाभ आहे, हे मी माझ्या आधीच्या प्रतिसादाच्या जोडीने नोंदवते.

उंबरठा

आम्ही अशा खोलीत राहतो की जिथे ऊन येतच नाही. सपाट कापड तिथेही वाळते हा माझा अनुभव आहे, कारण एकेरी पसरले की त्याला हवा दोन्ही बाजूंनी लागते. दोरीवर दुहेरी टाकू नये, दोन कडांना चिमटे लावून पूर्ण उलगडून टांगावे आणि दोन कापडांत हाताइतके अंतर ठेवावे. पिळल्यानंतर कोरड्या टॉवेलमध्ये गुंडाळून दाबले की बरेच पाणी निघते. किंचित दमट राहिलेल्या कापडावरून इस्त्री फिरवावी. दमट लंगोट घडी घालून ठेवला की त्याला कुबट वास लागतो आणि बुरशी धरते. ऊन मिळत असेल त्यांनी डागांसाठी ब्लीच वापरण्याआधी ओले कापड थेट उन्हात घालून पाहावे, पिवळे डाग बऱ्याच अंशी उडतात.

सांजपक्षी

कुणाचे वापरलेले कव्हर घेणे योग्य आहे का? माझी मैत्रीण तिच्या बाळाची कव्हर द्यायला तयार आहे.

निर्मळ

अवश्य घ्यावीत, पण तपासून. कव्हरचा आतला भाग प्रकाशासमोर धरून ताणून पाहा. थर कापडापासून सुटून बुडबुड्यासारखा फुगला असेल किंवा तडे दिसत असतील तर ते पाणी अडवणार नाही. पायाजवळचे इलास्टिक ताणून सोडल्यावर लगेच परत आले पाहिजे. केवळ इलास्टिक गेले असेल तर ते घरी बदलता येते, म्हणून तेवढ्यावरून कव्हर नाकारू नये.

सुती लंगोट मिळाले तर ते उकळून घ्यावेत, किंवा ब्लीच बाटलीवर दिलेल्या प्रमाणातच पातळ करून, त्यात भिजवून भरपूर विसळावेत. ब्लीचमध्ये व्हिनेगर किंवा कोणतेही आम्ल कधीही मिसळू नये, त्यातून विषारी क्लोरीन वायू निघतो. अमोनियाशीही त्याचा संयोग घातक असतो, त्यामुळे शूचे न धुतलेले लंगोट थेट ब्लीचमध्ये टाकू नयेत. ते आधी धुऊन घ्यावेत.

गवतफूल

पुन्हा एकदा सर्वांचे आभार. घरातल्या दोन सुती चादरींवर थेंब टाकून पाहिले, एक उत्तम निघाली आणि दुसरीत पॉलिएस्टर होते. पहिलीतून मोठे चौकोन कापले आहेत, टी-शर्टमधून लहान मापाचे तुकडे केले आहेत. कव्हर तेवढी विकत घेणार आहोत आणि रात्रीसाठी सध्या फेकून देण्याचे डायपर ठेवणार आहोत. त्यामुळे सुरुवातीचा खर्च आमच्या आवाक्यात आला.

एकच शंका उरली आहे. कव्हर लहान मापाची घ्यावीत, की बटणांनी लहान-मोठी करता येणारी एकाच मापाची घ्यावीत? आणि सगळी आत्ताच घ्यावीत का?

पारिजातक

बटणांनी लहान-मोठी करता येणारी घ्यावीत, पण आत्ता दोनच घ्यावीत. ती अगदी छोट्या बाळाच्या मांडीला बहुधा सैल बसतात. बाळाचे वजन साधारण चार-साडेचार किलोच्या पुढे गेले की नीट बसू लागतात. तोवर दिवसा घरात कव्हरशिवाय नुसता लंगोट बांधून खाली जाड सुती घडी अंथरली तरी चालते; ओले झालेले लगेच दिसते आणि हवाही लागते. बाळ आल्यावर ही दोन कव्हर मांडीला आणि कमरेला कशी बसतात ते आठवडाभर पाहा आणि मगच उरलेली दोन घ्या, कारण एकाच कंपनीचे कव्हर एका बाळाला चपखल बसते आणि दुसऱ्याच्या बारीक मांडीला फट ठेवते. लहान मापाची कव्हर कुणाकडून काही आठवड्यांसाठी उसनी मिळाली तर घ्या, नवी विकत घेऊ नका.